सतरावी ओळ

९ जुलै

प्रिय ताई,

दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. हे पत्र अभ्यासाचा भाग आहे.

आमच्या शाळेत अकरावीपासून ‘स्वतंत्र संशोधन’ नावाचा एक जादा विषय घेता येतो. पहिलं वर्ष दुसऱ्यांचं संशोधन वाचून त्यातल्या चुका काढण्यात गेलं. बाबा म्हणतात, त्यासाठी तुला वर्गात बसायची गरज नव्हती. यंदा दुसरं वर्ष. प्रश्न आपला, मोजमाप आपलं, निबंध आपला आणि शेवटी तीन परीक्षकांसमोर उलटतपासणीही आपलीच. ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही असा प्रश्न हवा.

माझा प्रश्न असा: आमच्या वर्गात कोणत्या बाकावर बसलं की बाईंचं किती ऐकू येतं? एका बाजूला रस्त्याची खिडकी, दुसऱ्या बाजूला कॉरिडॉरचं दार, डोक्यावर दोन पंखे. मागे बसणारे ढ असतात की त्यांना ऐकूच येत नाही, हे मला शोधायचं आहे.

प्रत्येकाला शाळेबाहेरचा एक मार्गदर्शक लागतो. त्याने फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची नाहीत. आणि सगळा व्यवहार पत्रांतून. प्रत्येक पत्राला क्रमांक देऊन नोंदवहीत चिकटवायचं, बाई आणि परीक्षक ते वाचणार. बाईंचं म्हणणं, फोनवर मिळालेली मदत दुसऱ्या दिवशी आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखी वाटायला लागते.

तू मोजमापाच्या प्रयोगशाळेत आहेस म्हणून तुला विचारते आहे, हे झालं नोंदवहीसाठी. खरं कारण वेगळं आहे. मी सात वर्षांची असताना तुमच्या जिन्यात तुझ्याजवळ येऊन बसले आणि तुझ्या कानात एक भयंकर कबुली दिली. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. तू पुस्तकातून डोकंही वर न काढता ‘असू दे’ म्हणालीस आणि पान उलटलंस. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी नंतर पाहिलेलं नाही.

आई म्हणते, “जी सख्ख्या मामाचा फोन उचलत नाही ती तुला पत्रं लिहिणार? त्या फूटपट्टीला पाझर फुटला तर मला सांग.” लिही, म्हणजे मी पैज जिंकेन.

तुझी,
खारू

*

१६ जुलै

चि. खारू,

मामीला कळव की ती हरली.

मार्गदर्शक व्हायला माझी तयारी आहे. फोन नाही, ही अट मला सोयीची आहे.

माझा स्वतःचा जुना आवाजमापक पाठवते आहे. प्रयोगशाळेचा नाही, त्यामुळे हरवलास तर फक्त माझ्याशी गाठ आहे. त्याच्या पाठीवर चिठ्ठी आहे. आमच्याकडे लोकांची साधनं तपासायला येतात. ती किती चुकतात ते आम्ही शोधतो आणि प्रत्येकावर अशी चिठ्ठी लावतो: दोष किती, कारण काय, तारीख, सही. कारण सापडलं नाही तर ‘अज्ञात’ लिहितो. चिठ्ठीवरचं पुसायचं नाही. चुकलं तर एका रेषेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. तुझ्या नोंदवहीतही हाच नियम ठेव. उत्तर देऊ नये हे मला मान्य आहे, पण हे उत्तर नव्हे, शिस्त आहे.

आता प्रश्न. ‘ऐकू येणं’ तू कसं मोजणार? रोज बाईंचा आवाज सारखाच असेल हे कशावरून? आणि मागे बसणारी मुलं पुढे आणून बसवलीस तर काय होतं, हे पाहणार आहेस का?

कबुलीचं लिहिलंस ते वाचलं. झालं गेलं.

ताई

*

२४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझ्या तीन प्रश्नांनी माझा मूळ बेत जमीनदोस्त केला. पहिल्या बेतात मी बाईंना नेहमीसारखं शिकवायला सांगून मुलांना “ऐकू आलं का रे?” एवढंच विचारणार होते. हसू नकोस.

नवा बेत असा. ग्रंथपाल काकूंच्या आवाजात दोन आकडी संख्या ध्वनिमुद्रित केल्या, एका यादीत तीस. काकूंनी आयुष्यभर मुलांना “हळू बोला” सांगितलंय, त्यांना मोठ्याने बोलायला लावण्यात दोन दिवस गेले. आवाज बाईंच्या टेबलावर ठेवलेल्या स्पीकरमधून येतो आणि एक मीटरवर बासष्ट डेसिबल आहे हे रोज तुझ्या मापकाने पाहते. पंखे चालू, दार उघडं, खिडकी उघडी. मुलांनी ऐकलेल्या संख्या कागदावर लिहायच्या. बरोबर किती, तेवढे गुण.

चोवीस मुलं, चार-चारचे सहा गट. वर्गाचे सहा भाग केले: खिडकीकडे पुढे, मध्ये, मागे, आणि दाराकडे पुढे, मध्ये, मागे. सहा दिवसांत प्रत्येक गट सगळीकडे बसून आला. रोज यादी नवी. सगळ्यांची संमतीपत्रं आहेत, आणि तक्त्यात नावांऐवजी क्रमांक.

निकाल इतका सुंदर आहे की मी तो भिंतीवर लावला आहे. पुढे सरासरी अठ्ठावीस, मध्ये पंचवीस, मागे एकवीस. खिडकीकडे काय नि दाराकडे काय, फरक नाही. म्हणजे फक्त अंतर महत्त्वाचं, बाजू नाही! मागचे ढ नसतात, लांब असतात.

एकच घाण होती, ती साफ केली. सतरावी ओळ. त्या मुलीचे आकडे इतके वेडेवाकडे की तिचं लक्ष नव्हतं हे उघड आहे. तशी ती असतेच. कुणाशी फार बोलत नाही, हाक मारली तर कधी बघते, कधी बघत नाही. तिची ओळ काढली आणि तक्ता एकदम गुळगुळीत झाला. आता निबंध लिहायला घेऊ ना?

खारू

*

३१ ऑगस्ट

चि. खारू,

पद्धत चांगली आहे. स्पीकरची रोजची नोंद ठेवलीस हे विशेष आवडलं.

निबंध लिहायला घेण्याआधी:

‘लक्ष नव्हतं’ हे तू मोजलंस की ठरवलंस?

सतराव्या ओळीऐवजी दुसऱ्या कुणाची ओळ सरासरीच्या बाहेर गेली असती, तुझी मैत्रीण असती, तरी ती काढली असतीस का?

काढलेले सहा आकडे मला पाठवलेले नाहीस. पाठव. त्याआधी ते तक्त्यात नाही, वर्गाच्या नकाशावर लिहून पाहा. जिथे ती बसली तिथेच तो आकडा.

तक्ता गुळगुळीत झाला म्हणतेस. आमच्याकडे एखादं साधन फारच गुळगुळीत आकडे द्यायला लागलं की आम्ही आधी त्याची वायर तपासतो.

ताई

*

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

नकाशावर लिहिले, त्याची प्रत सोबत आहे. खिडकीकडे पुढे २८, मध्ये २६, मागे २३. दाराकडे पुढे १३, मध्ये ११, मागे ७.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लक्ष नव्हतं हे चुकलंच. ही सरळ नक्कल आहे! खिडकीकडे शेजारणीचं बघून लिहिलं, दाराकडे जमलं नाही. पुढच्या बाकावर, स्पीकरच्या नाकासमोर बसून तीसपैकी तेरा कुणाला मिळतात?

तू म्हणतेस ना, ठरवायचं नाही, तपासायचं. म्हणून मी तिलाच विचारलं. मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये गर्दीतून तिच्या मागून गेले, बरोबरीने चालायला लागले आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, “माझ्या प्रयोगात तू नक्कल केलीस का गं?” तर ती माझ्याकडे वळून गोड हसली आणि म्हणाली, “हो का!” आणि चालायला लागली! ताई, इतका निगरगट्टपणा?

मग मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तेच परत विचारलं, जरा चढ्या आवाजात. आजूबाजूचे थांबले. ती पांढरीफटक पडली.  दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर तिची चिठ्ठी होती: माझी संमती मागे घेत आहे.

आता नियमानेच ओळ जाते, म्हणजे प्रश्न सुटला. पण मला बरं वाटत नाहीये. तिचं नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी ऐकलं.  बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

खारू

*

१७ सप्टेंबर

खारू,

हे पत्र नोंदवहीत लावायचं नाही. म्हणून क्रमांक घातलेला नाही.

आधी नकलेचं. तुझे गट चार-चारचे होते आणि गट एकत्र हलत होता. म्हणजे खिडकीकडे जे तिघे तिच्या शेजारी होते तेच दाराकडेही होते. खिडकीकडे ज्यांचं बघून लिहिलं त्यांचं दाराकडे का लिहिता आलं नाही? हा प्रश्न तिला विचारण्याआधी तुझ्या तक्त्याला विचारायचा होतास.

आता जे मार्गदर्शकाने करू नये ते करते.

फळ्याकडे तोंड करून बस. तुमच्या वर्गात खिडकी डावीकडे, दार उजवीकडे. खिडकीकडे बसलं की शिकवणारा माणूस आपल्या उजव्या हाताला येतो. दाराकडे बसलं की डाव्या हाताला, आणि कॉरिडॉरचा गोंगाट उजव्या कानाशी. ज्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्याचे आकडे असे येतात. अगदी असेच.

मला हे माहीत आहे कारण सहाव्या वर्षी गालगुंड झालं तेव्हा माझा डावा कान गेला. कुणाला कळलं नाही. मलाही नाही. एक कान शाबूत असला की माणूस घरात सगळं ऐकतो. गर्दीत आणि चुकीच्या बाजूला बसल्यावर ऐकत नाही. शाळेत मी दहा वर्षं खिडकीकडची जागा धरून भांडले. सगळ्यांना वाटायचं मला बाहेर बघायची हौस आहे.

हे कळलं बाविसाव्या वर्षी. आमच्याकडे कान तपासायचं एक यंत्र दुरुस्तीनंतर आलं होतं. चाचणीला कुणीतरी बसायला हवं होतं म्हणून मी बसले. उजवीकडची रेघ व्यवस्थित, डावीकडची कागदाच्या तळाशी. मी नोंद केली: ‘डावा हेडफोन सदोष.’ हेडफोन बदलला, तरी तेच. मग सहकारी बसला. त्याच्या दोन्ही रेघा सरळ आल्या. तो काही बोलला नाही, मीही नाही. नोंद मी दुरुस्त केली नाही. ती अजून फाइलमध्ये आहे.

मी आवाजमापक तपासते. ते काम कानाने होत नाही, साधनांनी होतं. पण हे कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये म्हणून गप्प राहिले. घरीही. मामाचा फोन मी उचलत नाही, कारण तो नेहमी रस्त्यावरून करतो आणि एका कानाने मला त्यातलं निम्मं कळतं.

ऐकू आलं नाही की माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात: ‘हो का’, ‘बघू’ आणि ‘असू दे’. कुठल्याही वाक्याला त्यांपैकी एक लागू पडतं. बहुतेक वेळा. म्हणून तुझ्या पत्रातलं ते ‘हो का’ वाचून मी पत्र खाली ठेवलं. तू तिच्या कुठल्या बाजूने चालत होतीस?

तिला जाऊन ‘तुला ऐकू येत नाही’ असं सांगू नकोस. तू डॉक्टर नाहीस आणि मीही नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल. तिची माफी माग. मागताना तिच्या उजव्या बाजूला उभी राहा, शांत जागी. मग तिला वाटलं तर ती बोलेल.

ताई

*

२६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पाच आठवडे लिहिलं नाही. काय लिहावं सुचत नव्हतं. तुझं पत्र मी भूगोलाच्या नकाशासंग्रहात ठेवलं आहे, तो आमच्या घरात कुणी उघडत नाही.

डाव्या बाजूने. मी तिच्या डाव्या बाजूने चालत होते.

माफी मागायला ग्रंथालयात गेले. उजवीकडे बसले. मी म्हटलं, “मी तुला चारचौघांत जे बोलले ते चूक होतं, आणि ते माझ्या आकड्यांवरूनही खरं ठरत नव्हतं.” ती म्हणाली, “मग कशावरून बोललीस?” मी म्हटलं, “मला तक्ता छान दिसायला हवा होता.” तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “निदान खरं तरी बोलतेस.” मी तिचा नकाशा तिच्यासमोर ठेवला आणि निघून आले. एक शब्द बोलले नाही, शपथ.

आठवड्याने तीच माझ्याकडे आली. शाळेच्या नर्सबाईंकडे नकाशा घेऊन ती स्वतः गेली होती. त्यांनी दवाखान्यात पाठवलं. तुझा अंदाज बरोबर होता. तिची आई दोन दिवस रडली म्हणे. तिला वाटत होतं मुलगी उर्मट आहे. ती स्वतः मात्र हसत होती. म्हणाली, “मला वाटायचं सगळ्यांनाच दाराकडे असंच ऐकू येतं आणि बाकीचे माझ्यापेक्षा हुशार आहेत.”

तिने संमतीपत्र परत सही करून दिलं. एका अटीवर: आकडे वापर, कारण लिहायचं नाही. ते तिचं आहे, ती सांगेल तेव्हा सांगेल.

आता माझी पंचाईत बघ. ओळ परत घेतली तर परीक्षक विचारणार, आधी का काढली आणि आता का घेतली. तिचं कारण मी सांगू शकत नाही. आणि मला हे कशामुळे कळलं, तर तुझ्या पत्रामुळे, जे वहीत नाही. निबंधाच्या शेवटी एक प्रतिज्ञापत्र असतं: ‘मला मिळालेली सर्व मदत नोंदवहीत आहे.’ त्यावर सही करायची असते. आणि ती मदत साधीसुधी नाही, उत्तरच आहे.

दुसरा रस्ता सोपा आहे. सतरावी ओळ नाही. ‘एका विद्यार्थिनीने संमती मागे घेतली.’ महिनाभर ते खरंच होतं. निष्कर्ष गुळगुळीत राहतो, तिचंही झाकलेलं राहतं, तुझंही. मी असंच लिहायचं ठरवलं आहे. बरोबर ना?

खारू

*

२ नोव्हेंबर

चि. खारू,

बरोबर की चूक हे मी सांगायचं नसतं. प्रश्न विचारते.

ज्या वाक्याचा प्रत्येक शब्द एके काळी खरा होता ते आज लिहिलं तर काय होतं?

‘बाजूने फरक पडत नाही’ हा तुझा निष्कर्ष वाचून शाळेने कुणालाही कुठेही बसवायचं ठरवलं, तर ती कुठे बसेल?

निबंध कधी द्यायचा आहे? पंधरा दिवस असतील तर ते मला हवे आहेत.

ताई

*

१६ नोव्हेंबर

चि. खारू,

सोबत एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलं आहे: ‘१७ सप्टेंबरच्या पत्रातली पहिली दोन वाक्यं रद्द. पत्राला क्रमांक देऊन ते नोंदवहीत लावावं.’ खाली सही आणि तारीख. मूळ पत्रातली ती दोन वाक्यं तू एका रेषेने खोड. वाचता आली पाहिजेत.

म्हणजे तुझा तिढा सुटतो. ओळ परत का घेतली, याचं कारण त्या मुलीचा कान नाही, माझा आहे. मार्गदर्शकाने स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली आणि त्यामुळे ‘नक्कल’ हे आपलं स्पष्टीकरण टिकत नाही हे तुला कळलं. यातलं एकही अक्षर खोटं नाही आणि तिच्याबद्दल यात एकही अक्षर नाही. मात्र ते पत्र तिला आधी वाचायला दे. त्यात मी तिच्याबद्दलचा अंदाज लिहिला आहे, आणि तुझ्या २६ ऑक्टोबरच्या पत्रात दवाखान्याचं आहे; तेही दाखव. ज्या ओळी तिला झाकाव्याशा वाटतील त्या बाईंच्या समोर झाक, आणि झाकलं आहे असं लिही. मार्गदर्शकाने मर्यादा ओलांडली याचे गुण कापले गेले तर कापू देत. मर्यादा मी ओलांडली आहे, तसं लिहिते आहे.

मला पंधरा दिवस कशाला हवे होते, तर परीक्षकांना कळण्याआधी इथे कळायला हवं होतं. मी जुनी फाइल काढली. ‘डावा हेडफोन सदोष’ खोडलं. वर लिहिलं, ‘हेडफोन ठीक. बसणाऱ्या व्यक्तीच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही.’ सही केली आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा वाचली. मी उभी होते. मग म्हणाले, “म्हणजे सहा वर्षं मी त्या डावीकडच्या टेबलावरून चहाला हाका मारतोय, ते तुला ऐकूच येत नव्हतं?”

मी म्हटलं, “नाही.”

“आणि मी घरी सांगतो, आमच्याकडे एक मुलगी आहे, काम संपल्याशिवाय चहाला उठत नाही.” पुढे म्हणाले, “आवाज मीटर ऐकतो, तू आकडा वाचतेस. त्यात काय बदललं?” आणि फाइल परत दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल उजवीकडे हलवलं. आता चहाला उठावं लागतं.

ताई

*

१ मार्च

प्रिय ताई,

काल तोंडी परीक्षा झाली. सविस्तर लिहिते, कारण हे शेवटचं क्रमांक असलेलं पत्र.

तीन परीक्षक. एक काहीच बोलले नाहीत, एक नुसतं मान डोलावत होते, आणि मधल्या बाई तुझ्यासारख्या होत्या. म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसायच्या. बाकीचे शब्द आपल्यालाच भरावे लागतात.

त्यांनी नोंदवही उघडली. तुझ्या पत्रावर दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, माझ्या ऑक्टोबरच्या पत्रावर त्याहून जास्त. तिने स्वतः लावल्या, बाईंच्या समोर, आणि शेजारी मी लिहिलं, ‘सहभागी व्यक्तीच्या विनंतीवरून.’ परीक्षक बाईंनी एका पट्टीवरून बोट फिरवलं, पण काही विचारलं नाही.

मग म्हणाल्या, “सतरावी ओळ परत घेतल्याने तुमचा निष्कर्ष दुबळा झाला. आधी तो नीट होता. हे तुम्हाला कळतं ना?”

मी म्हटलं, “हो. आधी माझं म्हणणं होतं की बाजूने फरक पडत नाही. आता म्हणणं आहे की तेवीस जणांना फरक पडत नाही आणि एकीला सगळाच पडतो. मी सरासरी मोजत होते. सरासरीला बसायला बाक लागत नाही.”

मधल्या बाईंनी लिहून घेतलं. मान डोलावणारे थांबले. न बोलणारे पहिल्यांदाच बोलले, “हे वाक्य मार्गदर्शकाचं का?” मी म्हटलं, “नाही, त्या इतकी लांब वाक्यं बोलत नाहीत.” ते हसले.

गुण मध्यम मिळतील असं बाई म्हणतात. चोवीसच मुलं होती, आणि मार्गदर्शकाने उत्तर दिलं, त्याचे कापतील. असू दे. हे मी ऐकून म्हणते आहे.

ती आता खिडकीकडे बसते. स्वतः मागून घेतली जागा, कारण न सांगता. बाईंनी नियमच केला: वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने जागा मागायची, कारण विचारलं जाणार नाही.

आता एक गोष्ट राहिली. तुझी ती तीन उत्तरं वाचली तेव्हापासून मला खात्री नाही. तुमच्या जिन्यात मी तुझ्या कुठल्या बाजूला बसले होते, ते मी आठवून आठवून काढलं. कठडा उजवीकडे होता. तू कठड्याला टेकली होतीस. म्हणजे मी डावीकडे.

ताई, तू ते ऐकलंच नव्हतंस ना?

मग आता लिहून देते. तुला शाळेतून बक्षीस मिळालेला तो जाडी मोजायचा स्टीलचा कॅलिपर मी तुझ्या खणातून काढला होता. माझ्या दाताची जाडी मोजायला. तो गॅलरीतून खाली पडला. वर आणून पुसून ठेवला, पण त्याचा एक जबडा मिटताना नीट मिटत नव्हता. त्याच संध्याकाळी मी तुला तेच सांगितलं होतं. तू ‘असू दे’ म्हणालीस. दहा वर्षं मी तुला देवमाणूस समजत होते.

खारू

*

८ मार्च

चि. खारू,

नाही. ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी मी इंजिनिअरिंगला गेले. कार्यशाळेच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला तोच कॅलिपर नेला आणि माझी वीसच्या वीस मापं चुकली. सरांनी सगळ्यांसमोर वही परत फेकली. वसतिगृहात येऊन मी ती वीस मापं एकाखाली एक लिहिली, तर प्रत्येक माप बरोबर ०.१८ मिलिमीटरने जास्त होतं. हात चुकला असता तर प्रत्येक वेळी वेगळं चुकलं असतं. म्हणजे मी चुकले नव्हते, साधन चुकत होतं, आणि किती चुकतं हे एकदा कळलं की त्याच्याकडूनही खरं काढून घेता येतं. मी ती वही सरांकडे परत नेली. त्यांनी ती वाचली आणि मला या विषयाचं पहिलं पुस्तक दिलं. मी आज जे काम करते ते तिथून सुरू झालं.

कॅलिपर कशाने बिघडला, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. माझ्या भावाने, दादाने, त्या कॅलिपरने बिस्किटांचा डबा उघडला असणार, असं धरून चालले. त्याने पूर्वी माझ्या कर्कटकाने तेच केलं होतं, तेवढा पुरावा मला पुरला. त्यानंतर मी त्याला माझं एकही हत्यार दिलेलं नाही. गेल्या वर्षी त्याने घर लावताना पातळी बघायची पट्टी मागितली, तर ‘बघू’ म्हणाले. ते ऐकू आलं होतं. त्याची ओळ मी दहा वर्षांपूर्वीच काढून टाकली होती, न मोजता. काल त्याला पत्र लिहिलं आणि पट्टी पाठवली.

मामाला सांग, रविवारी फोन कर, पण घरातून.

कॅलिपर अजून माझ्या खणात आहे. दुसऱ्या वर्षी त्यावर मी स्वतःसाठी एक चिठ्ठी लावली होती, आयुष्यातली पहिली. ‘दोष: अधिक ०.१८ मि.मी. कारण: अज्ञात.’ आज ‘अज्ञात’ एका रेषेने खोडलं. शेजारी लिहिलं, ‘खारू, वय ७, दात मोजताना. त्याच दिवशी कळवलं होतं.’ आणि सही केली.

ताई